सख्खी मावशी

मुलीनं कंबोडियातून पाठवलेला व्हिडिओ मी लोणावळ्यात, बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत पाहिला. ती गुडघाभर चिखलात उभी होती. पँट वर दुमडलेली, डोक्यावर तिथली गवती टोपी, हातात भाताच्या रोपांची मूठ. एकेक रोप चिखलात खोचायची आणि दर वेळी कॅमेऱ्याकडं बघून हसायची. शेवटी दोन्ही हात वर करून ती इंग्रजीत म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदाच मी मातीला हात लावलाय, मी आतून बदलून गेलेय.

मी डबा तसाच झाकून ठेवला.

शेजारच्या टेबलावरच्या बाई वाकून बघत होत्या. "किती गोड! काय अनुभव घेतेय हो पोरगी!" मी मान हलवली. काय सांगणार होते त्यांना? आम्ही बसलो होतो तिथून माझं माहेर औंढे रिक्षाच्या अंतरावर आहे. त्या औंढ्यात माझी थोरली बहीण त्याच वेळी खाचरात वाकलेली होती, आणि तिची भाची भात लावायला समुद्र ओलांडून गेली होती.

राग तेव्हापासूनचा आहे. अजून तो पुरता गेलेला नाही.

माझी मुलगी पुण्यात शिकली. पुढचं शिक्षण तिला बाहेरच्या देशात करायचं होतं. तिथली विद्यापीठं म्हणे नुसते मार्क बघत नाहीत, तुम्ही समाजासाठी काय केलं हेही विचारतात. म्हणून पुण्यातली एक संस्था मुलांना तीन आठवड्यांसाठी परदेशातल्या एखाद्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून पाठवते, आणि त्याचे पैसे मुलांकडूनच घेते. मला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. मी म्हटलं, "समाजासाठी काही करायचं तर औंढ्याची शाळा आहे, कुरवंड्याची आहे. तिथं शिकव की." ती म्हणाली, "आई, ते मोजत नाहीत गं." नवरा तळेगावजवळच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याला लेकीचं भारी कौतुक. तो म्हणाला, "कंबोडिया म्हणजे बुद्धाचा देश. आपल्या घरातलं कुणी अजून कुठं गेलंय? जाऊ दे तिला." त्यावर मी काय बोलणार? गेली.

आक्काबद्दल सांगायला हवं. आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आम्ही दोघी बौद्धवाड्यात वाढलो. आई भाताच्या लावणीला मजुरीनं जायची, आक्का तिच्याबरोबर. मी वर्गात हुशार निघाले तेव्हा आईनं ठरवलं की दोघींपैकी एकीला तरी चिखलातून काढायचं. ती एक मी. आक्काची शाळा सातवीत सुटली आणि गावातच लग्न झालं; सासरचं एवढंसं खाचर, बाकी मजुरी. माझी सुटली नाही. मीही खाचरात उतरायचे, पण गुरुजींनी शाळेत बोलावलं की बाहेर यायचे. आक्काला कुणी बोलावलं नाही. मालकाच्या बांधावर आम्हाला जेवण मिळायचं तेव्हा भाकरी वरून हातावर टाकत, आणि पाणी ओंजळीत ओतत. तांब्याला आमचा हात लागू द्यायचे नाहीत. ही फार जुनी गोष्ट नाही. मी आज पन्नाशीसुद्धा गाठलेली नाही.

मला मुलगी झाली तेव्हा मी ठरवलं, हिच्या पायाला हा चिखल लागणार नाही. पाळलं मी ते. औंढ्याला न्यायचे, पण दिवाळीत, जयंतीला, लग्नकार्याला. लावणीच्या दिवसांत कधीच नाही.

मुलगी परत आली. विमानतळावर तिला बघितलं तेव्हा राग विसरले, खोटं कशाला सांगू. रंग रापलेला, चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत काहीतरी नवीन होतं. आम्ही सोमाटण्याच्या घरी पोचेपर्यंत ती बोलतच होती. तिथल्या बायका, तिथली पोरं, त्यांनी गायलेली गाणी, केळीच्या पानात शिजवलेला भात. नवरा गाडी चालवता चालवता आरशातून तिच्याकडं बघत होता, आणि त्याला किती आनंद झालाय ते मला दिसत होतं.

दुसऱ्याच रविवारी औंढ्याच्या विहारात तिचा सत्कार ठेवला. पुढाकार आक्काचा. तिनं घरोघर जाऊन सांगितलं होतं, "माझी भाची परदेशात सेवा करून आलीया." शाल, पुष्पगुच्छ, सगळं. मुलीनं भिंतीवर फोटो दाखवले. अनवाणी पोरं. पत्र्याची घरं. वाकलेल्या बायका. आणि ती बोलली. मराठीत बोलली, चांगलं बोलली. "त्यांच्याकडे काहीच नाही," ती म्हणाली, "पण तरीही ते इतके आनंदी आहेत! मी तिथं समाधान शिकले."

मी समोर बसलेल्या बायकांकडं बघितलं. त्यांतल्या निम्म्याजणी दुसऱ्या दिवशी सकाळी लावणीला जाणार होत्या. त्यांची घरं पत्र्याचीच होती. त्यांच्याकडं बघून कुणी परदेशी पोरगी आपल्या गावी जाऊन हेच सांगत असेल, असं त्यांच्या मनात आलं का, मला माहीत नाही. त्या टाळ्या वाजवत होत्या. पोरगी आपली होती ना.

आक्का तर हरखून गेली होती. कार्यक्रम संपल्यावर तिनं मुलीचा हात धरला. "तितं लावलंस ना भात? मग आता आमच्यात ये की लावणीला. आमचं खाचर लावायचं अजून हाय."

"येते ना मावशी! नक्की येते!" मुलगी म्हणाली.

मला वाटलं, बरं झालं. एक दिवस कंबर मोडू दे, आतून बदलणं म्हणजे काय ते कळेल. पुढचा रविवार ठरला, म्हणून मला रजाही टाकावी लागली नाही. पण मला एक गोष्ट माहीत नव्हती. मुलीनं तो दिवस संस्थेलाही कळवला होता.

त्या रविवारी आम्ही दोघी औंढ्यात पोचलो तेव्हा बांधाच्या कडेला एक मोठी पांढरी गाडी उभी होती. गाडीतून संस्थेच्या मॅडम उतरल्या, मुलांना कंबोडियाला घेऊन गेलेल्या त्याच. साधारण माझ्याच वयाच्या, खादीचा कुर्ता, पायात महागडे पावसाळी बूट. बरोबर कॅमेरावाला. मुलीनं मला हळूच सांगितलं, "आई, त्यांना मावळात असाच कार्यक्रम सुरू करायचाय. परदेशातून मुलं येतील. लोणावळ्यापासून जवळ, डोंगर, भात. मावशीलाच फायदा होईल." आक्काचा मुलगा लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतो. त्याच्या मनात घरीच पाहुण्यांची सोय करायचं बरेच दिवस होतं. तोही तिथं होता, केस विंचरून, नवा शर्ट घालून.

मी म्हटलं ठीक आहे. बघू. मी बांधावर छत्री धरून उभी राहिले. आक्का नि आणखी दोघी-तिघी बायका कामाला लागलेल्याच होत्या. सगळ्यांच्या अंगावर प्लॅस्टिकचे रेनकोट, निळे, पिवळे. आक्काचा जांभळा, मी गेल्या वर्षी घेतलेला. पाऊस बारीक पडत होता. समोर ड्यूक्स नोज कड्याच्या बाजूचा डोंगर ढगात गेला होता. मुलगी खाचरात उतरली आणि आक्काच्या शेजारी वाकली. आक्का तिला काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. खरं सांगते, ते बघून मला बरं वाटलं.

मग मॅडम पुढं आल्या. त्यांनी खाचराकडं बघितलं, मान वाकडी केली आणि कॅमेरावाल्याला म्हणाल्या, "हे रेनकोट नको. फारच प्लॅस्टिक दिसतंय." त्यांनी गाडीतून काहीतरी आणायला सांगितलं. कॅमेरावाल्यानं इरलं आणलं. पानांचं, बांबूच्या काड्यांचं, पाठीवर घ्यायचं जुनं इरलं. मी ते ओळखलं. म्हणजे तेच नव्हे, पण तसलंच एक कुरवंड्याच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये स्वागतकक्षाच्या भिंतीवर टांगलेलं मी पाहिलेलं आहे, शेजारी दिवा लावून.

"मावशी," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "तो कोट काढून हे घालाल का? पारंपरिक दिसेल."

आक्कानं हसत हसत रेनकोट काढला. "आवो, आमची आय घालायची ह्ये. लय दिसांनी बघितलं!" तिनं इरलं पाठीवर घेतलं. ते तिला नीट बसेना. पाऊस तिच्या मानेवरून पोलक्यात उतरत होता. दोनच महिन्यांपूर्वी न्यूमोनियानं ती आठवडाभर दवाखान्यात होती. हे मला माहीत होतं. मुलीलाही माहीत होतं. ती डबा घेऊन जायची.

"वाका ना मावशी. हां, असंच. इकडे बघू नका." कॅमेरा चालू झाला. आक्का वाकली, पण तिला हसू आवरेना. शेजारच्या बायकांनाही हसू फुटलं.

"मावशी, हसू नका ना," मॅडम म्हणाल्या. "जरा दमल्यासारखं करा. थकलेला चेहरा हवाय."

आणि आक्कानं केला. एका क्षणात तिनं तोंड पाडलं. माझी बहीण, जी गावातल्या प्रत्येक लग्नात पहिली नाचते, तिनं दमलेल्या बाईचं तोंड केलं आणि तसंच धरून ठेवलं. कॅमेरावाला म्हणाला, "मस्त!"

मी छत्री टाकली आणि चपलांसकट खाचरात उतरले.

काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मी आक्काच्या पाठीवरचं इरलं ओढून काढलं आणि चिखलात फेकलं, हे आठवतं. "दमलेला चेहरा पाहिजे तुम्हाला? तो बघायला संध्याकाळी या! माझी आई हे पाठीवर घेऊन दिवसभर वाकायची. हौस होती म्हणून नाही, कोट घ्यायला पैसे नव्हते म्हणून! कोट घाल गं आक्का."

मॅडमचा चेहरा लाल झाला, पण आवाज त्यांनी खाली ठेवला. मोठ्या माणसांना जमतं ते. "मॅडम, तुम्ही उगाच चिडताय. आम्ही तर तुमच्याच लोकांना पुढं आणतोय."

"माझे लोक? ती माझी सख्खी बहीण आहे."

मॅडमनी आधी आक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या मुलीकडं. त्यांना खरंच धक्का बसला होता. "पण... तू तर म्हणालीस, इथल्या मावशी आहेत."

मुलीनं हातातली रोपांची मूठ घट्ट धरली होती.

मला ते कळायला वेळ लागला नाही. आपल्याकडं मावशी कुणालाही म्हणतात. आईच्या बहिणीला म्हणतात, आणि भांडी घासणाऱ्या बाईला, ऑफिसात चहा देणाऱ्या बाईला, भाजीवालीलाही म्हणतात. एकच शब्द. मुलगी खोटं बोलली नव्हती. ती फक्त "माझी मावशी" न म्हणता "या मावशी" म्हणाली होती, आणि ऐकणाऱ्यानं त्यातला जो अर्थ घ्यायचा तो घेतला होता.

पण सगळ्यात जास्त चिडली ती आक्का. माझ्यावर. "तू कशाला बोलतीस मधी?" ती पावसात भिजत उभी होती, रेनकोट हातात. "माझं खाचर, माझी भाची. मला कुनी दुखावलं न्हाई. पोरानं किती दिसांपासून जमवलंय ह्ये. तुला काय ठावं?"

"आक्का, ती तुला तोंड पाडायला सांगत होती!"

"मग पाडलं! कलेक्टर आला तरी पाडतो आमी. त्यात काय जातंय? तू जा बरं घरी."

पांढरी गाडी आमच्या आधीच निघून गेली. भाचा माझ्याकडं न बघताच मोटारसायकलवरून लोणावळ्याकडं गेला. आम्ही दोघी चिखलाच्या पायांनी गाडीत बसलो.

रविवार संध्याकाळ, जुना हायवे. भुशी डॅमवरून परतणारे लोक, खिडकीतून मक्याची कणसं फेकणारे, कार्ल्यापासूनच गाड्या खोळंबलेल्या. कामशेतला मीच बोलले.

"तुला मावशीची लाज वाटते?"

"नाही."

"मग सांगितलं का नाहीस, ती तुझी कोण आहे?"

"कुणी विचारलं नाही."

"असं विचारावं लागतं का?"

ती एकदम वळली. "आई, तू मला कधी नेलंस लावणीला? एकदा तरी? मी लहानपणी हट्ट करायचे, मला मावशीबरोबर जायचंय म्हणून. तू म्हणायचीस, पाय घाण होतील. मावशीचं शेत मी तुझ्यामुळे बघितलं नाही. मग कंबोडियात जाऊन बघितलं तर तुला राग येतो."

ते खरं होतं. मी तिला नेलं नव्हतं. पण मी ते चूक मानत नाही, आजही नाही. ज्या चिखलातून माझ्या आईनं मला ओढून काढलं, त्यात मी माझी पोर हौसेनं का उतरवू? मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "मग माझ्याकडून अपेक्षा तरी काय आहे तुझी? उतरू पण नको आणि विसरू पण नको?"

व्हय, असं म्हणणार होते. माझ्या तोंडात औंढ्याची भाषा आली होती.

"तू तरी बँकेत सांगतेस का," ती म्हणाली, "की तुझी बहीण मजुरी करते?"

"सांगते. सगळ्या शाखेला माहीत आहे." आणि मग तिला पहिल्यांदाच सांगितलं, जे नवऱ्यालाही अर्धवटच माहीत होतं. नव्या शाखेत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आडनावावरून चौकशी झाली. मी लपवलं नाही. मग डबा खाताना जी बाई माझ्या शेजारी बसायची, ती हळूहळू पलीकडं सरकली. भाजी द्यायची, घ्यायची मात्र नाही. नेहमी पोट भरलेलं. वर्षभर तिचं पोट भरलेलंच होतं. मी तिच्याशी भांडले नाही, कारण त्यात भांडण्यासारखं हातात काही येत नाही. मी रोज तिच्यासमोर डबा पुढं करत राहिले. रोज.

मुलगी ऐकत होती. वडगावच्या आधी गाडी पूर्ण थांबली. वायपर फिरत होते. ती म्हणाली, "तिथं पण झालं आई."

"कुठं?"

"कंबोडियात. आमच्या ग्रुपमध्ये सगळे इथलेच होते, मुंबई-पुण्याचे. संध्याकाळी गोल करून बसायचे, आपापले अनुभव सांगायचे. एकानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, अच्छा, म्हणजे तू कोट्यातली. मग हसून म्हणाला, मग तू इथं मदत करायला आलीस की घ्यायला? सगळे हसले. मी पण हसले."

मी गाडी चालवत होते, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही. गाडी हलतच नव्हती, तरी स्टिअरिंग घट्ट धरून बसले.

"मॅडम?"

"मॅडमपण हसल्या. जरासंच. दुसऱ्या दिवशी शेतात गेलो. तिथल्या बायकांना माझं आडनाव माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी मी नुसती बाहेरून आलेली, मदत करणारी मुलगी होते. मला मुठी आणून देत होत्या, पाणी देत होत्या. आई, तिथं मी देणारी होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला घेणारी समजलं नाही. मी म्हटलं ना व्हिडिओत, आतून बदलले. ते म्हणजे हे. मातीबितीचं नाही."

मी एवढे दिवस ज्या वाक्यावर चडफडत होते, त्याचा अर्थ हा होता. माझा राग त्यानं कमी झाला नाही. उलट वाढला, फक्त त्याची दिशा बदलली. एका पोरीला माणूस म्हणून उभं राहायला परक्या देशातल्या गरिबांच्या खाचरात जावं लागतं, त्याचे पैसेही तिनंच भरायचे, आणि तिथं जाऊनही शेजारी बसलेला आपलाच माणूस तिला तिची जागा दाखवतो. आणि मग ती घरी येते आणि स्वतःच्या मावशीला "या मावशी" म्हणते, कारण पुन्हा कुणी हसू नये.

"त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"तू चिडली असतीस."

"चिडायलाच हवं होतं!"

"हो, पण तुझं चिडणं मला सांभाळावं लागतं ना आई." ती रडत नव्हती. अगदी साध्या आवाजात बोलत होती. "मला तिथं एकटीला राहायचं होतं अजून दोन आठवडे."

पुढची गाडी हलली, तसा मी गियर टाकला.

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघायच्या आधी मुलीनं स्वयंपाकघरात उभं राहून मॅडमना फोन लावला. मी पोळ्या लाटत होते. फोन स्पीकरवर ठेव, असं मी म्हटलं नव्हतं, पण तिनं ठेवला. ती म्हणाली, "मॅम, काल ज्यांचे फोटो काढले त्या माझ्या सख्ख्या मावशी आहेत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते फोटो कुठं वापरू नका, प्लीज. आणि कंबोडियातल्या त्या संध्याकाळी जे बोललं गेलं, तेव्हा तुम्ही तिथं होतात."

पलीकडून मॅडमचा आवाज आला, आणि त्यात खरोखरच आनंद होता. "अगं, पण ही तर किती जबरदस्त गोष्ट आहे! तुझी मावशी शेतमजूर, आणि तू परदेशात जाऊन सेवा करून आलीस. तू हे कॅमेऱ्यासमोर बोलशील? तुझ्या विद्यापीठाच्या अर्जालासुद्धा—"

मुलीनं फोन बंद केला. मग ती म्हणाली, "एक पोळी दे." आणि तिथंच ओट्याशी उभी राहून तिनं ती कोरडी पोळी खाल्ली.

आक्का माझ्याशी बोलेना. मी फोन केला की भाचा उचलायचा, "आय कामात हाय" म्हणायचा. महिनाभर असं चाललं. मला वाटत होतं की तिनं माझी बाजू घ्यायला हवी होती. तिला वाटत होतं की मी तिच्या दारात आलेली संधी लाथाडली, तीही तिला न विचारता. शेवटी एकदा तिनंच उचलला.

"आक्का, अजून राग हाय?"

"मला कशाचा राग? राग तुझा. तुला परवडतंय ते. महिना झाला की तुझ्या खात्यात पगार येतोय." मग म्हणाली, "पोर येऊन गेली इकडं."

"कोण पोर?"

"तुझी. न्हाई सांगितलं तुला? दोन रविवार आली. राहिलेलं खाचर लावलं आमी. लावती बरी. पण बोलती लय."

मुलीनं मला ती मैत्रिणीकडं जातेय असं सांगितलं होतं. मी तिला काही विचारलं नाही. ती त्या दोघींमधली गोष्ट होती. म्हणजे आक्का आणि आक्काची भाची. त्यात मी नव्हते. मी नको होते, हेही समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले.

पुढं भाच्यानं त्या संस्थेशिवायच पाहुण्यांची सोय केली. मुंबईची कुटुंबं शनिवार-रविवार येतात, आक्काच्या हातचं पिठलं-भाकरी खातात, ओट्यावर बसतात. भाड्याचा भाव आक्का ठरवते. कुणी फोटो मागितला तर ती हसूनच उभी राहते. मला अजूनही ते पुरतं आवडत नाही, पण तिनं मला विचारलेलं नाही.

मुलीनं परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरला. कंबोडियाबद्दल तिनं काय लिहिलं ते मी वाचलं नाही. सध्या ती पुण्यात नोकरी करते आणि उत्तराची वाट बघते.

राहिला तो फोटो. तो त्यांनी अजून काढून टाकलेला नाही. संस्थेच्या पानावर, मावळातल्या त्यांच्या नव्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत, आक्का आहे. पाठीवर इरलं, पावसात वाकलेली, तोंड पाडलेलं. खाली इंग्रजीत लिहिलंय, या, आणि स्वतःला शोधा. मी लिहून तक्रार केली. उत्तर आलं की आपल्या भावना आम्ही समजू शकतो. मी पुन्हा लिहिलं. मुलीनं लिहिलं. वकिलाकडं जावं का, यावर नवऱ्याशी बोलणं चालू आहे.

मागच्या वेळी औंढ्याला गेले तेव्हा भाच्यानं तो फोटो आक्काला मोबाइलवर दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"मी यवडी म्हातारी दिसती?" ती म्हणाली, आणि तिला हसू आलं.

मला आलं नाही.